रुपसिंगी नावाची जात

कॉलेजात कुठलीही तपासणी समिती येणार असली की रुपसिंग पावराला दोन दिवस आधी निरोप जायचा : पांढरा शर्ट इस्त्री करून ठेव. समितीच्या दिवशी सकाळी दहापासून त्याने भूगर्भशास्त्र विभागाच्या दारातल्या काचपेटीशेजारी उभं राहायचं. पेटीत लाल मखमलीवर एक काळा दगड, दगडात बोटाच्या पेराएवढा किडा आणि खाली पितळी पट्टीवर इंग्रजीत त्याचं नाव. प्राचार्य पाहुण्यांना घेऊन यायचे, पट्टीवर बोट ठेवायचे, मग रुपसिंगच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, "हाच तो. आमचा आदिवासी शिपाई, आणि जगाच्या पुस्तकात याच्या नावाची प्रजाती." पाहुणे कौतुकाने मान हलवायचे, एखादा फोटो काढायचा. मग सगळे चहाला जायचे आणि त्यांच्यामागून रुपसिंग कपबश्या धुवायला.

तो शिपाई नव्हता, प्रयोगशाळा परिचर होता. ही दुरुस्ती त्याने पहिल्या दोन वेळा केली, नंतर सोडून दिली.

रुपसिंग मूळचा शिरपूर तालुक्यातला, सातपुड्याच्या पायथ्याच्या आमलीपाड्याचा. पावसावरची दोन तुकडे जमीन, उन्हाळ्यात मोहाची फुलं आणि डिंक, आणि उरलेले महिने जिथे काम मिळेल तिथे. दहावीत गणितात नापास झाल्यावर तो भावकीतल्या लोकांबरोबर पहूरच्या अलीकडे एका खदानीवर दगड फोडायला आला. तिथे त्याला बावीस वर्षांचा असताना प्राध्यापक पितांबर वारके भेटले.

वारके सर जळगावच्या त्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. माणूस मुक्ताईनगरकडचा, घरची केळीची बागायत. पण त्याला जमिनीवर उगवणाऱ्यापेक्षा जमिनीखाली गाडलेल्याचं वेड जास्त. मुलांची सहल घेऊन ते खदानीवर आले होते. एका मोठ्या धोंड्याच्या पोकळीतले स्फटिक त्यांना अख्खे हवे होते. स्वतःच्या हातोडीने त्यांनी पाचसहा घाव घातले, स्फटिकांचा चुरा झाला. रुपसिंग बाजूला उभा राहून पाहत होता. त्याने न विचारताच हातोडी घेतली, दगडावरून तळहात फिरवला, एका जागी छिन्नी टेकवली आणि एकच ठोका दिला. धोंडा पेरूसारखा दुभंगला. स्फटिक जसेच्या तसे.

"तुला कसं कळलं कुठे मारायचं?" सरांनी विचारलं.

रुपसिंगला ते सांगता आलं नाही. दगडाला नस असते, हाताला लागते, एवढंच तो म्हणाला.

पुढच्या जूनमध्ये तो कॉलेजात रोजंदारीवर लागला, चार वर्षांनी परिचर म्हणून कायम झाला. सरांनी त्याला दगड शिकवले, आणि मनापासून शिकवले, हे खोटं नाही. नमुना कसा कापायचा, कसा घासायचा, त्यावर क्रमांक कसा टाकायचा. प्रात्यक्षिकाची तयारीही त्याच्याकडेच असायची. त्यातलं एक प्रात्यक्षिक मुलांना फार आवडायचं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा चौकोनी तुकडा कापायचा आणि त्यावर खडूने दोन सारखे किडे काढायचे, एक उभा, एक आडवा. मग तो तुकडा दोन्ही हातांनी ताणायचा. ताणाच्या दिशेने काढलेला किडा लांबट आणि बारीक व्हायचा, आडवा काढलेला रुंद आणि बुटका. डोंगर उठताना दगड दाबला जातो, ताणला जातो, तेव्हा त्याच्या पोटातल्या जिवांचं असं होतं, सर सांगायचे. ट्यूब दरवर्षी रुपसिंगच ताणून धरायचा.

खानदेशात सगळा काळा कातळ, ज्वालामुखीचा. त्यात ट्रायलोबाइट सापडत नाही. हा समुद्रातला तीन पाळ्यांचा किडा, खेकड्याचा दूरचा भाऊबंद, पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा. तो बघायचा तर हिमालयात जायला हवं. म्हणून सर एक वर्षाआड उन्हाळ्यात मुलांना स्पितीला न्यायचे. भुसावळहून रेल्वे, मग दोन दिवस बस, मग पायी. रुपसिंग प्रत्येक खेपेला असायचा. स्वयंपाक तो करी, तंबू तो ठोके आणि परतताना दगडांची पोती त्याच्या पाठीवर.

१९९४च्या जूनमध्ये पिन नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या वर, उभ्या चढणीवर, त्याला पाटीच्या दगडाचा एक घसरून आलेला तुकडा दिसला. हाताला नस लागली. त्याने छिन्नी लावली, दगड वहीच्या पानांसारखा उघडला आणि आत तीन किडे, तिन्ही एकाच दिशेला तोंड करून, बारीक अंगाचे. सरांनी भिंग लावून पाहिलं, भिंग पुसलं आणि पुन्हा लावून पाहिलं. त्या भागात शंभर वर्षांपूर्वी एका इंग्रज साहेबाने याच कुळातला एक किडा नोंदवला होता, पण तो रुंद होता. हा इतका निमुळता कोणी पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी रुपसिंगला त्याच चढणीवर आणखी एक सापडला, बुटका, फेंदारल्यासारखा. सरांनी तो दोनदा हातात फिरवला, वेगळ्या कागदात गुंडाळला आणि हा दुसरा आहे, मोडका आहे, म्हणाले. तोही रुपसिंगच्याच पोत्यातून जळगावला आला.

तीन वर्षांनी सरांचा लेख परदेशातल्या नियतकालिकात छापून आला. नव्या किड्याचं पहिलं नाव, कुळाचं, लांबलचक होतं, कोणाला धड म्हणता यायचं नाही. दुसरं नाव साधं होतं : रुपसिंगी.

सरांनी ते पान त्याच्यासमोर ठेवलं तेव्हा रुपसिंगला इंग्रजी अक्षरं लावायला वेळ लागला. शाळेच्या दाखल्यावर त्याचं नाव रुपशिंग होतं, रेशनकार्डावर रूपसिंह, मतदार यादीत रुपचंद. इथे ते बरोबर होतं. त्याने पानाला हात लावला नाही, हाताला तेल होतं म्हणून. दिवाळीला पाड्यावर गेला तेव्हा त्याच्या बापाने सगळ्यांना बोलावून ते पान दाखवलं. कोणाला वाचता येत नव्हतं, पण किड्याचं चित्र होतं आणि हा आमच्या रुपसिंगाच्या नावाचा, हे सांगितलं की पुरत होतं. सोनीबाई, त्याची बायको, तेवढी हसली नाही. किड्याला नाव दिलं तर त्याने आपल्याला काय होईल, एवढंच तिने विचारलं.

काय होईल, ते पुढच्या वर्षी कळलं.

विभागात प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली. एक पायरी वरची, टेबलखुर्चीची. रुपसिंगने दरम्यान बाहेरून दहावी दिली होती, मग विज्ञानाची बारावीही काढली होती. काम तर तो सहायकाचंच करत होता. त्याने अर्ज केला. जागा मिळाली ललितला. ललित संस्थेच्या अध्यक्षांच्या, बन्सीलालजींच्या मेहुण्याचा मुलगा. त्याला गारगोटी आणि काच यांतला फरक रुपसिंगने शिकवला.

रुपसिंग सरांकडे गेला. सरांनी त्याला बसायला सांगितलं, जे ते सहसा सांगत नसत.

"रुपसिंग, ललितचं नाव कुठे आहे? मस्टरवर. तो रिटायर झाला की मस्टर रद्दीत जाईल," ते म्हणाले. "तुझं नाव कुठे आहे? मी मरेन, प्राचार्य मरतील, तुझं नाव राहणार. तुला आणखी काय पाहिजे?"

आणखी काही पाहिजे म्हणणं अधाशीपणाचं वाटलं. तो नमस्कार करून बाहेर आला आणि त्या दिवशी त्याला खरोखर थोडं बरंही वाटलं.

पण मग ते तसंच होत गेलं. क्वार्टर मागितलं, तेव्हा प्राचार्य हसून म्हणाले, तू तर अजरामर माणूस, तुला क्वार्टर कशाला. २००७ला सहायकाची दुसरी जागा निघाली, तीही गेली. तेव्हा अध्यक्षांनी सभेत त्याला शाल घातली आणि काचपेटी करवून दिली. सोनीबाईच्या ऑपरेशनच्या वेळी महिन्याभराची रजा मागितली, तर समिती यायची आहे, पेटीशेजारी तूच नसलास तर कसं, असं म्हणून पंधरा दिवसच दिले. दरवेळी तेच एक नाव त्याच्या हातावर ठेवून त्याच्या तोंडाला पानं पुसली गेली. आणि दरवेळी तो ते घेऊन परत आला, कारण नाव खरं होतं. सगळं खोटं असेल, पण नाव खरं होतं, हे तो स्वतःला सांगायचा.

वारके सर प्रोफेसर झाले, विभागप्रमुख झाले, २०१२ला निवृत्त होऊन मुक्ताईनगरला शेतावरच्या घरी राहायला गेले. स्पितीच्या सहली बंद पडल्या.

२०२२च्या मार्चमध्ये कामिनी फेगडेचा फोन आला. ती सरांची जुनी विद्यार्थिनी, आता बाहेरच्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. स्पितीतले जुने ट्रायलोबाइट नव्या नमुन्यांवरून पुन्हा तपासायचा प्रकल्प तिला मिळाला होता. सरांच्या लेखात जागा दिली होती, पण ती नकाशावर बोटभर, डोंगरावर दोन कोस. नेमकी चढण ठाऊक असलेला माणूस एकच. "रुपसिंगभाऊ, तुमच्याशिवाय नाही होणार," ती म्हणाली.

तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा होता, गुडघे बोलायला लागले होते. सोनीबाईने नको म्हटलं. पण आपल्या नावाचे आणखी किडे मिळतील, मूळचे तिनाचे तीसही होतील, असं त्याच्या मनात आलं आणि तो गेला.

चढण त्याने पहिल्याच दिवशी दाखवली. चार दिवस हाताला फक्त चुरा लागला. पाचव्या दिवशी दुपारी कामिनी खाली ओढ्याजवळ थरांची मापं घेत होती आणि रुपसिंग एकटाच वर, मूळ थराच्या तोंडाशी पोचला होता. त्याने हातभर लांबीची एक फरशी सैल केली, आडवी मांडीवर घेतली आणि कडेने छिन्नी फिरवली. फरशी उघडली.

आत आठ किडे होते. आणि ते सगळ्या दिशांना पांगलेले होते.

तो आधी खूश झाला. मग नुसता बघत राहिला. फरशीच्या लांबीच्या दिशेने पडलेले तीन किडे बारीक, लांबट होते, त्याच्या नावाचे. आडवे पडलेले तीन रुंद, बुटके होते, त्या इंग्रज साहेबाच्या किड्यासारखे. आणि दोन तिरपे पडलेले होते, ते धड बारीक ना धड रुंद, एका बाजूला कललेले, सायकलच्या ट्यूबवर तिरपा काढला तर होतो तसे. त्याने अंगावरची कडी मोजली; ताणाने आकार बदलतो, कडी कमीजास्त होत नाहीत. बारीक किड्याची तेरा. रुंद किड्याची तेरा. कललेल्याची तेरा.

एवढी वर्षं त्याने ती ट्यूब ताणून धरली होती. त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बारीक किडा कधी नव्हताच. एकच किडा होता, डोंगराने ताणला म्हणून बारीक दिसला. आणि जे नाव आधी ठेवलं गेलं, तेच राहतं, हा नियमही त्याला माहीत होता.

फरशी अजून मांडीवरच होती. दरी समोर होती. हात नुसता सैल सोडला असता तरी फरशी घरंगळून खाली ओढ्यात गेली असती आणि चार दिवस चुराच निघाला होता, तर पाचव्या दिवशीही चुराच निघाला असता. कामिनीने वर बघितलंही नव्हतं. हे सगळं त्याच्या मनात आलं, येऊन गेलं असं नाही, चांगलं ठाण मांडून बसलं. पण दगड जसा आहे तसा न्यायचा, हे त्याला ज्या हातांनी शिकवलं होतं, त्या हातांवर त्याचा तोवर विश्वास होता. त्याने फरशी सदऱ्यात गुंडाळली आणि ढुंगणावर घसरत घसरत खाली आला.

कामिनीने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. ती काही बोलण्याआधी तोच अहिराणीत म्हणाला, "ताई, दोन्ही एकच शेतस."

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग बाजूला जाऊन पाठमोरी उभी राहिली.

जळगावला परतल्यावर पहिल्याच रविवारी तो बसने मुक्ताईनगरला गेला. सरांना दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा आपण सांगावं, असं त्याला वाटलं. सर ओट्यावर झोपाळ्यावर बसले होते, खाली केळीचे घड मोजून ट्रकमध्ये चढवणं चाललं होतं. रुपसिंगने सगळं सांगितलं. मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्याची कल्पना अशी होती की सरांना धक्का बसेल, वाईट वाटेल, कदाचित ते त्यालाच धीर देतील.

सरांनी फोटो नीट पाहिलाही नाही. ते इतके चिडले की आयुष्यभर जपलेली शुद्ध भाषा सुटली.

"तुले कोनं सांगतलं होतं तो दगड खाली आनाले?" ते म्हणाले.

रुपसिंगला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. सर पुढे बोलतच राहिले. ही पोरगी स्वतःचं नाव करायला निघाली आहे, आणि तू तिचा हमाल झालास. एवढी अक्कल नाही, की काय उचलावं आणि काय सोडावं. मी नव्हता का सोडला?

"काय सोडला, सर?"

मग खाली ट्रककडे बघत, आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं. तो फेंदारलेला किडा मोडका नव्हता. त्याचीही कडी तेराच होती. त्यांनी जळगावला येऊन मोजली होती, दोनदा. शंका पहिल्या दिवसापासून होती. पण तेव्हा नवी प्रजाती हाती असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांत फार अंतर होतं. विद्यापीठाची मुलाखत तोंडावर होती. तो नमुना त्यांनी कपाटाच्या खालच्या खणात ठेवून दिला.

"त्या एका नावाने मी प्रोफेसर झालो, तू रुपसिंग झालास," सर म्हणाले. "कोणाचं काय गेलं त्यात?"

रुपसिंग उभा होता. इतक्या वर्षांत सरांसमोर त्याने कधी आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही.

"मी दरवेळी तेच घेऊन परत गेलो ना, सर," तो म्हणाला. "तुम्हाला ठाऊक होतं, ते खोटं आहे म्हणून. तरी तेच दिलंत."

सरांच्या सुनेने चहा आणला होता. तो न घेता रुपसिंग खाली उतरला. बसमध्ये त्याला आठवत राहिलं ते एवढंच, की तो फेंदारलेला दगडही आपल्याच पोत्यातून आला होता. चौदा हजार फुटांवरून आपण तो पाठीवर आणला.

सोनीबाईला त्याने चार दिवसांनी सांगितलं. ती म्हणाली, तिला तो माणूस पहिल्यापासून कळला होता. तसं नव्हतं, पण रुपसिंगने वाद घातला नाही.

कामिनीचा लेख २०२४च्या फेब्रुवारीत आला. रुपसिंगी हे नाव रद्द. ती वेगळी प्रजाती नाही, आधीच्या किड्याचंच ते दुसरं नाव. आधार, नव्याने मिळालेली फरशी. आठवड्यात कॉलेजभर झालं. कोणाला फारसं कळलं नव्हतं, पण रुपसिंगचं काहीतरी गेलं, एवढं सगळ्यांना कळलं. बरोबरचा एक शिपाई मनाने वाईट नव्हता, पण त्याला जीभ आवरत नसे. "पडताळनीमा तुनी जात उडी गई, भाऊ," तो सगळ्यांसमोर म्हणाला. लोक हसले. मुलाच्या, ईश्वरच्या जातपडताळणीसाठी दोन वर्षं खेटे घालणाऱ्या रुपसिंगलाही त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं, म्हणून तोही हसला.

दुसऱ्या दिवशी काचपेटी हलवली. ललितने स्वतः पितळी पट्टीचे स्क्रू काढले आणि पेटी कुठे ठेवायची, हे रुपसिंगलाच विचारलं.

ईश्वरने धुळ्याहून फोन करून लेखाचं शेवटचं पान वाचून दाखवलं. लेखकांत चार नावं होती, कामिनीचं दुसरं. शेवटी आभार : परवानग्यांसाठी यांचे, निधीसाठी त्यांचे, "आणि क्षेत्रकार्यात साहाय्य करणाऱ्या स्थानिक मदतनिसांचे."

"स्थानिक म्हणजे कोण रे?" रुपसिंगने विचारलं.

"तुम्हीच, बाबा."

"मी स्पितीचा कधी झालो?"

ईश्वरने आईला फोन द्यायला सांगितलं.

एप्रिलअखेर तो निवृत्त झाला. शेवटच्या आठवड्यात कपाटं लावताना खालच्या खणात त्याला १९९४च्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो दगड मिळाला. त्याने तो स्वच्छ केला, त्यावर क्रमांक टाकला आणि नमुन्यांच्या नोंदवहीत ओळ लिहिली. 'कोणी गोळा केला' या रकान्यात इतकी वर्षं तो सरांचं नाव लिहीत आला होता, त्याच्या स्वतःच्या हातांनी काढलेल्या शेकडो दगडांपुढेही. या वेळी त्याने तिथे स्वतःचं नाव लिहिलं. संध्याकाळी ललितच्या ते लक्षात आलं. चतुर्थ श्रेणीच्या माणसाचं नाव या रकान्यात चालत नाही, उद्या तपासणीत मला विचारतील, असं तो अगदी सौम्यपणे म्हणाला, आणि त्याने नावावर आडवी रेघ मारून वर 'विभाग' असं लिहिलं. निरोप समारंभात प्राचार्य म्हणाले, रुपसिंगभाऊंनी इमानाने सेवा केली. किड्याचा विषय कोणी काढला नाही.

पावसाळा संपल्यावर कामिनी आमलीपाड्यावर आली. शिरपूरपासून जीप करून, पुढे एक ओढा चालत. सोनीबाईने तिला भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. जेवण झाल्यावर तिने खरं ते सांगितलं. लेखकांत रुपसिंगचं नाव असावं असा तिने प्रयत्न केला होता. संस्थेच्या संचालकांनी, पदवी नसलेला माणूस लेखक कसा, म्हणून ते काढलं. आभारांतलं नाव कधी गळलं, ते तिला छापून आल्यावर कळलं. हे सांगताना ती जमिनीकडे बघत होती. मग ती म्हणाली की त्याच थरातून आणखी एक किडा निघाला आहे, डोळ्यांची ठेवण वेगळी, डोंगराच्या ताणाने होणारा फरक नाही, पक्का वेगळा. त्याला तिला रुपसिंगचं नाव द्यायचं आहे.

"तुमचं नाव परत येईल, रुपसिंगभाऊ. या वेळी खरं."

रुपसिंगने सुपारी कातरायला घेतली.

"नको, ताई," तो म्हणाला. "नाव घेतलं की मग बाकी काही मागता येत नाही. ते मी एकदा करून बघितलं. तुम्ही फक्त लिहा, हा दगड कोणी काढला ते. रुपसिंग पावरा, आमलीपाडा. एवढंच लिहा."

तिने लिहिते म्हणून सांगितलं, आणि सांगताना ते तिला मनापासून वाटत होतं, हे त्यालाही दिसलं. पुढच्या उन्हाळ्यात येता का, हे विचारायचं धाडस मात्र तिला झालं नाही.

तो लेख दीड वर्षाने, उन्हाळ्यात आला. ईश्वर सुट्टीत पाड्यावर होता, त्याने खाटेवर बसून मोबाइलवर वाचला. नव्या किड्याला संचालकांचं नाव दिलं होतं.

"आणि काढणारा?" रुपसिंगने विचारलं.

ईश्वरने बोटाने पान वर सरकवलं, खाली सरकवलं. नमुने संस्थेच्या चमूने गोळा केले, असं त्यात होतं.

रुपसिंग उठला. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती, आणि शेजाऱ्याची शेळी त्यांत तोंड घालत होती. तिला हाकलून तो तिथेच उकिडवा बसला आणि फुलं हाताने पुन्हा पसरायला लागला.